मॅपवर घर आमचं, नंबर भलत्याचाच

दापोली तालुक्यात मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले या पट्ट्यात ज्यांनी घराच्या दोन-चार खोल्या पर्यटकांसाठी ठेवल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गुहागर, दिवेआगर, तारकर्लीवाल्यांनीही वाचावं, कारण मॅपवर नोंद करून देतो म्हणून फसवणारे लोक तालुक्याची हद्द पाळत नाहीत.

गणपती झाले, पाऊस ओसरला की आपल्याकडे दिवाळीच्या गिऱ्हाइकांची तयारी सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत दोन मुलगे बाईकवरून गावात आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ‘गूगलकडून आलोय, तुमचं घर मॅपवर पहिल्या नंबरला आणतो’ असं म्हणाले. दादाने पावती मागितली, ती मिळाली. कुठे कुठे कामं केलीत विचारलं, तर त्यांनी चार ठिकाणं दाखवली. वर्षाचे चोवीस हजार ठरले, त्यात वेबसाइट, मॅपवरची नोंद आणि फेसबुकचं पान. जाहिरातीचे पैसे वेगळे.

नोंद झाल्यावर त्यांनी आमच्या अंगणात उभं राहून फोनवर ‘होमस्टे’ शोधून दाखवलं. आमचं घर सगळ्यात वर! वहिनीला केवढा आनंद झाला. यातली मेख नीट समजून घ्या. मॅपवर कोण वर दिसणार हे गूगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधलेल्या शब्दांशी तुमची नोंद किती जुळते, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे आणि तुमचा नावलौकिक किती. अंगणात उभं राहून शोधलं तर आपलंच घर वर दिसायची शक्यता जास्त. पुण्यात बसून शोधणाऱ्याला तसंच दिसेल असं नाही. पैसे घेऊन मॅपवरचा क्रम वर आणता येत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. नोंद करायला आणि ती पडताळून घ्यायला एक रुपयाही लागत नाही. पैसे लागतात ते जाहिरातीला, आणि त्या जाहिरातीवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं.

दिवाळी बरी गेली. डिसेंबरात मात्र फोन एकदम कमी झाले. शेजारी सगळीकडे गाड्या लागलेल्या आणि आमच्या खोल्या रिकाम्या. दादाने विचारलं की ते म्हणायचे, ‘जाहिरातीचं बजेट वाढवा.’ त्यानेही दोनदा पैसे पाठवले. हिशेब म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता यायचा, इतके क्लिक, इतका खर्च. हा तक्ता कोणीही घरी बसून टाइप करू शकतो.

मग नाताळच्या सुट्टीत एका रात्री साताऱ्याचं एक कुटुंब दारात उभं राहिलं. बरोबर म्हातारी आई, झोपलेली दोन मुलं. म्हणाले, दोन खोल्या बुक आहेत, निम्मे पैसे भरलेत. आमच्या वहीत नाव नाही. त्या गृहस्थांनी फोन पुढे केला. मॅपवर आमचंच घर, आमच्या पडवीचा फोटो, वहिनीच्या हातच्या उकडीच्या मोदकांचं ताट, आणि खाली ‘कॉल करा’च्या बटणामागे एक अनोळखी मोबाइल नंबर. पैसेही त्याच नंबरच्या खात्यात गेलेले. वहिनीने आधी सगळ्यांना जेवायला वाढलं, बोलणं नंतर. आई दमली होती. मला आजही चीड येते ती याची, की त्या माणसांनी आमच्या नावावर विश्वास ठेवून पैसे भरले होते.

त्या मुलांना फोन लावला तर आधी उडवाउडवी, मग ‘नूतनीकरणाचे पैसे भरा, नंबर बदलून देतो.’ तेव्हा उलगडा झाला. मॅपवरच्या नोंदीची मालकी त्यांच्या ईमेलवर होती, दादाला फक्त व्यवस्थापक केलेलं. व्यवस्थापकाला मालक काढता येत नाही. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, तोही त्यांच्याच नावावर. म्हणजे घर आमचं आणि त्याची पाटी त्यांच्या ताब्यात.

पुढचं सविस्तर सांगते, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. मॅपवरूनच मालकी हक्काची मागणी करता येते. सध्या ज्याच्याकडे नोंद आहे त्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्यांनी नकार दिला. नकाराविरुद्ध दाद मागितल्यावर गूगलने व्हिडिओ मागितला. दादाने रस्त्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली, फाटकातून आत आला, किल्लीने कोठीची खोली उघडली, वीजबिल दाखवलं, सगळं न थांबता एकाच सलग चित्रणात. काटछाट केलेला व्हिडिओ चालत नाही. नोंद परत मिळाली. डोमेन काही मिळालं नाही, नवं घ्यावं लागलं. साताऱ्याच्या पाहुण्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार केली, आम्हीही केली. पैसे कोणालाच परत मिळालेले नाहीत. असा प्रकार झाला तर १९३० ला त्याच तासात फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं.

मी सगळ्या मार्केटिंगवाल्यांना चोर म्हणत नाही. चांगले फोटो काढणारी, प्रामाणिकपणे काम करणारी मुलं आपल्या भागात आहेत, त्यांना कामं द्या. पण नोंद आपल्या ईमेलवर आपण करायची, त्यांना व्यवस्थापक करायचं. डोमेन आपल्या नावावर, जाहिरातीचं खातं आपलं, पैसे थेट गूगलला आपल्या कार्डावरून. यावर जो कुरकुर करेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. शंभर पाच-तारांकित अभिप्राय विकत देतो म्हणणाऱ्यालाही तेच. खोटे अभिप्राय गूगल काढून टाकतं, आणि आल्या-गेल्या पाहुण्याने जाताना लिहिलेल्या चार ओळी त्याहून जास्त काम करतात.

आत्ता एक करा. घरातल्या कुणाच्या तरी नव्हे, पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकाच्या फोनवरून आपलं घर मॅपवर शोधायला सांगा आणि तिथला नंबर लावायला सांगा. फोन तुमच्या घरात वाजला पाहिजे. वेबसाइटवरच्या नंबरचंही तसंच बघा. मेच्या सुट्टीची बुकिंगं मार्चपासून येऊ लागतात, त्याच्या आधी हे उरकून घ्या. कुणाची नोंद अशी अडकली असेल तर सांगा, दादा व्हिडिओ कसा काढायचा ते येऊन दाखवेल.