आईचा गुडघा, आठ महिन्यांनंतर

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन कोल्हापुरातच झालं, त्याला आता आठ महिने झाले. डिस्चार्जच्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. आज तसे देणार नाही.

सगळे ‘वाटी बदलली’ म्हणतात. खरं तर हाडांची झिजलेली टोकं कापून त्यावर धातूचं आवरण आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती बसवतात. दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली, चौदाव्या दिवशी टाके निघाले. सर्जनच्या कामात नाव ठेवायला जागा नाही.

वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीचे तर उपकारच. आम्ही मायेपोटी आईच्या गुडघ्याखाली उशी ठेवली होती. तिनं आल्या आल्या ती काढली आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली सरकवली. “मावशी, उशीनं बरं वाटतंय, पण पाय असाच वाकडा राहील.” गुडघा वाकण्याइतकंच तो पुरता सरळ होणं महत्त्वाचं, हे तेव्हा कळलं. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, म्हणजे आईच्या डाव्या. जिन्याचं सूत्रही तिचंच: ‘चांगला वर, दुखरा खाली’. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना ऑपरेशनचा. आई अजून पायरीपाशी ते पुटपुटते.

राग आहे तो घरी आल्यानंतरचा. हातात इंग्रजी डिस्चार्ज कार्ड आणि व्यायामांची पुसट झेरॉक्स. पुढचे व्यायाम कोण घेणार, कधी वाढवायचे, कुणी सांगितलं नाही. तीन आठवडे आम्ही अंदाजानं करत राहिलो आणि गुडघा ८० अंशांवर अडकला. खुर्चीतून नीट उठायलासुद्धा तेवढं पुरत नाही. शेवटी घरी येणारा फिजिओ शोधला. आधी गोळी, अर्ध्या तासानं व्यायाम, मग बर्फ, ही घडी त्यानं बसवली. पहिले पंधरा दिवस आई रडायची. आज गुडघा ११५ अंश वाकतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, गुडघा कित्येक महिने कोमट लागतो, हे नेहमीचं असतं. आधी कळलं असतं तर आमच्या दोन रात्री जागून गेल्या नसत्या. ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

पैशांचं एक. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा आणि त्याच्या खोक्यावरचे कंपनी-बॅच नंबरचे स्टिकर फाइलला लावलेत का बघा. आम्हाला दोन्ही मिळालं, पण मागितल्यावर.

आई आता संध्याकाळी रंकाळ्यावर काठीशिवाय चालते. मांडी घालून बसायची बंदी आहे, म्हणून भाकरी ओट्यापाशी उभी राहून थापते. जमिनीवर बसल्याशिवाय भाकरीला हात लागत नाही म्हणणारी बाई ती. तिला बदलायला चार महिने लागले.

डावा गुडघाही झिजलाय. पाऊस सरला की करायचं ठरलंय. सर्जन तेच. फिजिओला मात्र या खेपेला आधीच सांगून ठेवलंय.