एनआयसीईआयसी की नॅपिट: एकट्याने काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने नोंदणी कुठे करावी

इंग्लंडमध्ये स्वतःच्या नावावर वायरिंगची कामे घेऊ लागलेल्या इलेक्ट्रिशियनला पहिल्या काही महिन्यांतच ठरवावे लागते की नोंदणी करायची का, आणि करायची तर एनआयसीईआयसी, नॅपिट यांपैकी कोणत्या योजनेत. या योजना इलेक्ट्रिशियनचे काम तपासून त्याला स्वतःचे काम स्वतः प्रमाणित करण्याची मुभा देतात. या विषयावर मिळणारा सल्ला बहुधा बोधचिन्हाभोवती फिरतो: अमुक नाव गाडीवर असले की गिऱ्हाईक विश्वास ठेवते, तमुक नावाला भाव नाही. मी या योजनांची सेवा पैसे देऊन घेतली आहे, एकदा एक सोडून दुसरीत गेलो आहे, आणि माझे मत असे आहे की एकट्याने काम करणाऱ्या माणसाने बोधचिन्हाकडे शेवटी पाहावे. त्याआधी आपले काम नेमके कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे, आणि योजनेचा असेसर, म्हणजे काम तपासायला येणारा माणूस, किती कसून तपासतो ते विचारावे.

आधी कायदा काय मागतो ते स्पष्ट असलेले बरे, कारण पुष्कळ जण नोंदणीला परवाना समजतात. इलेक्ट्रिशियन म्हणून काम करायला कोणत्याही योजनेची नोंदणी सक्तीची नाही. सक्ती आहे ती राहत्या घरांतील ठरावीक कामे इमारत नियमांखाली कळवण्याची, आणि ती १ जानेवारी २००५ पासून, म्हणजे या नियमांचा पी हा भाग लागू झाल्यापासून आहे. नोंदणी नसेल तर साधारणपणे काम सुरू करण्यापूर्वी कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) इमारत विभागाला कळवून त्यांचे शुल्क भरावे लागते, आणि लहान कामात ते शुल्क मजुरीचा मोठा भाग खाऊन टाकते. नोंदणी असेल तर तुम्ही स्वतःच्या कामाला स्वतः प्रमाणित करता आणि काम संपल्यापासून ३० दिवसांच्या आत योजनेमार्फत ते कळवता. योजना ती माहिती कौन्सिलकडे पोहोचवते आणि घरमालकाला नियमपूर्तीचे प्रमाणपत्र मिळते. पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील हाच कागद मागतो, त्यामुळे तो वेळेवर मिळणे गिऱ्हाइकासाठी मोलाचे असते. योजनेची मूळ सेवा एवढीच, आणि ती सगळ्या मान्य योजना सारखीच देतात.

कळवायची कामे कोणती, याची यादी इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१३ पासून आखूड झाली. नवे सर्किट टाकणे, कन्झ्युमर युनिट (घरातील ब्रेकरची मुख्य पेटी) बदलणे, आणि न्हाणीघर, पोहण्याचा तलाव किंवा सौना अशा विशेष जागी असलेल्या सर्किटमध्ये भर घालणे किंवा फेरबदल करणे एवढीच मुख्य कामे तीत उरली. स्वयंपाकघरात चालू सर्किटवर एखादे सॉकेट वाढवणे आता इंग्लंडमध्ये कळवावे लागत नाही. वेल्समध्ये मात्र जुनी, मोठी यादी कायम राहिली, आणि स्कॉटलंडमध्ये पी भाग लागूच नाही, तिथली व्यवस्था वेगळ्या इमारत कायद्याखाली चालते. सीमेच्या दोन्ही बाजूंना कामे घेणाऱ्याने हा फरक पक्का माहीत करून घ्यावा.

म्हणून नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी आपल्या मागच्या वर्षभराच्या पावत्या काढून बसावे. त्यात दिवे बदलणे, सॉकेट वाढवणे, बिघाड शोधणे हेच बहुतेक असेल तर कळवण्याजोगी कामे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील, आणि नोंदणीचा खर्च त्या कामांतून नव्हे तर नावामुळे मिळणाऱ्या कामांतून भरून काढावा लागेल. याउलट कन्झ्युमर युनिट बदलणे, इलेक्ट्रिक शॉवर, गाड्यांचे चार्जिंग पॉइंट अशी कामे नियमित असतील, तर नोंदणीशिवाय धंदा करणे परवडतच नाही, कारण यातील जवळजवळ प्रत्येक काम कळवावे लागते.

तांत्रिक पात्रतेच्या बाबतीत एक योजना वरची आणि दुसरी खालची असे म्हणण्याला आधार नाही. कंपनीने किंवा एकट्या कारागिराने किमान काय पूर्ण करायचे ते इलेक्ट्रोटेक्निकल असेसमेंट स्पेसिफिकेशन या सामाईक दस्तऐवजात ठरलेले आहे आणि सर्व योजना त्यालाच बांधील आहेत: योग्य शिक्षण, किमान २० लाख पौंडांचा सार्वजनिक दायित्व विमा, अचूकता तपासलेली मोजणी यंत्रे, तक्रारींची नोंदवही आणि बीएस ७६७१ या वायरिंगच्या ब्रिटिश मानकाची चालू आवृत्ती. ही शेवटची अट वाटते तितकी किरकोळ नाही. अठराव्या आवृत्तीची दुसरी दुरुस्ती २८ मार्च २०२२ रोजी आली आणि आधीची आवृत्ती त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मागे घेतली गेली. त्यानंतर २०२४ मध्ये तिसरी दुरुस्ती आली. असेसर पुस्तक मागतो तेव्हा ते कपाटात असणे पुरत नाही, त्यातील बदल तुमच्या कामात दिसले पाहिजेत.

आता नावांकडे. एनआयसीईआयसी १९५६ पासून आहे, आणि एवढ्या वर्षांत तिचे नाव सामान्य घरमालकापर्यंत पोहोचले आहे. गृहनिर्माण संस्था, लेटिंग एजंट (घरे भाड्याने लावून देणारे) आणि मोठे ठेकेदार यांच्या कागदांत कधी कधी हेच नाव थेट लिहिलेले असते. तुमची बरीच कामे अशा लोकांकडून येत असतील तर इथेच जावे, असे मी बिनदिक्कत सांगेन. तिथे घरगुती कामांसाठी डोमेस्टिक इन्स्टॉलर आणि सर्व प्रकारच्या कामांसाठी अप्रूव्हड काँट्रॅक्टर असे वेगळे दर्जे आहेत. शुल्क कमी म्हणून पहिला घ्यायचा आणि मग दुकाने, कार्यालये यांची कामे त्याच नोंदणीच्या भरवशावर घ्यायची, हे गिऱ्हाइकाची दिशाभूल करण्यासारखे आहे. नोंदणी ज्या व्याप्तीची, विश्वासही तेवढ्याचाच मागावा. एलेक्सा हे नाव जुन्या सल्ल्यांत भेटेल, पण २०१३ पासून ती आणि एनआयसीईआयसी सर्टशुअर या एकाच संस्थेखाली आल्या, आणि नव्याने येणाऱ्याने ते नाव विचारात घेण्याचे कारण उरलेले नाही.

नॅपिटची स्थापना १९९२ ची. तिचे नाव घरमालकाला तितके ओळखीचे नसते, परंतु कायद्याच्या दृष्टीने तिचे प्रमाणपत्र तसूभरही कमी नाही, आणि वायरिंगबरोबर हीटिंग, नळकाम किंवा व्हेंटिलेशनची कामे करणाऱ्या माणसाला एकाच छताखाली अनेक प्रकारची नोंदणी मिळते हा तिचा खरा फायदा आहे. ज्याची कामे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिफारशीवर येतात, त्याला गाडीवर कोणते चिन्ह आहे याने क्वचितच फरक पडतो. अशा इलेक्ट्रिशियनला मी नॅपिटची शिफारस निःसंकोच करतो. याशिवाय तेलावर चालणारे बॉयलर बसवणाऱ्यांसाठी ऑफटेक आहे, जिथे आधीच सदस्य असलेल्या माणसाला विजेच्या कामाची जोड घेणे सोयीचे पडते.

खरा निवाडा मात्र मूल्यमापनाच्या दिवशी होतो. असेसर येतो, तुम्ही केलेले एखादे काम प्रत्यक्ष पाहतो, कागद चाळतो, आणि मग यंत्र हातात घेऊन चाचण्या करून दाखवायला सांगतो. चांगला असेसर कसा ओळखावा, याचे एक उदाहरण देतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या केबलने केलेल्या रिंग सर्किटची (सगळ्या सॉकेटांतून फिरून पेटीकडे परत येणाऱ्या सर्किटची) सलगता मोजायला सांगितली की बहुतेक जण लाइन, न्यूट्रल आणि अर्थ (अर्थिंगची तार) यांची टोके मोजून आकडे लिहून मोकळे होतात. लाइन ०.५० ओहम, न्यूट्रल ०.५० ओहम आणि अर्थ ०.८३ ओहम असे आकडे आले, तर कसबी असेसर तिथेच थांबून विचारतो की अर्थचा आकडा मोठा का. त्या केबलमध्ये अर्थची तार दीड चौरस मिलिमीटरची असते, म्हणून तिचा रोध लाइनच्या सुमारे १.६७ पट येतो. हे गुणोत्तर जुळले नाही तर कुठेतरी सैल जोड किंवा भलत्याच जाडीची तार आहे. मग लाइन आणि अर्थ यांची टोके उलटसुलट जोडून प्रत्येक सॉकेटवर मोजायला लावतो. दोन्ही रोधांच्या बेरजेचा चौथा भाग, म्हणजे इथे सुमारे ०.३३ ओहम, सगळीकडे जवळपास सारखा दिसला पाहिजे. एखाद्या सॉकेटवर तो ठळकपणे वाढला तर ते रिंगवर नसून फाट्यावर आहे. पुरवठ्याचा बाहेरचा रोध ०.२० ओहम धरला तर एकूण ०.५३ होतो. बी प्रकारच्या ३२ अँपियरच्या ब्रेकरला नियमात १.३७ ओहमची मर्यादा आहे, आणि थंड तारेवर घेतलेल्या मापाची तुलना तिच्या ८० टक्क्यांशी, म्हणजे सुमारे १.१० शी करायची असते; तो फरक का, हेही तो तुमच्याच तोंडून वदवून घेतो.

असा असेसर मिळाला तर वर्षाचे शुल्क त्या एका सकाळीच वसूल होते, कारण एकट्याने काम करणाऱ्याला चूक दाखवणारे दुसरे कोणी नसते. बरोबरच्या माणसांत काम करताना रोज कुणी ना कुणी टोकत असते. एकटा माणूस तीच सवय वर्षानुवर्षे गिरवत राहतो. याउलट मला असाही असेसर भेटला आहे, ज्याने फक्त विम्याचा कागद आणि यंत्राचा दाखला पाहिला, चहा घेतला आणि निघून गेला. मी पास झालो, पण पैसे कशाचे भरले हे मला अजूनही कळलेले नाही. योजना कोणतीही असो, असेसरवर पुष्कळ अवलंबून असते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी आपल्या भागात कोण येतो आणि तो काय काय पाहतो, हे तिथल्या दोन-तीन नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनांना अवश्य विचारावे.

भाड्याच्या घरांची तपासणी हा वेगळा विषय आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी खासगी घरमालकांवर विजेच्या मांडणीची किमान दर पाच वर्षांनी तपासणी करून घेण्याचे बंधन घातले. नव्या भाडेकरारांसाठी ते १ जुलै २०२० पासून आणि चालू करारांसाठी १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कायदा तपासणाऱ्याकडून पात्रता आणि कौशल्य मागतो, योजनेचे सदस्यत्व मागत नाही. तरीही एजंट नोंदणी पाहूनच काम देतात. योजनेत मांडणीची आणि तपासणीची व्याप्ती वेगवेगळी धरली जाते, हे ध्यानात ठेवून अर्जातच तपासणीची व्याप्ती मागून घ्यावी. सौरऊर्जेसाठी एमसीएस ही निराळी नोंदणी असते, ती इथे धरलेली नाही.

शुल्काबद्दल थोडक्यात सांगतो. वर्षाला काही शे पौंड जातात, आणि आकडे बदलत असल्याने चालू दर योजनेकडूनच लेखी घ्यावा. पण लेखी घेताना मूळ नोंदणी आणि जोडसेवा वेगळ्या मागाव्यात. माझ्या एका नूतनीकरणाच्या बिलात मी न मागितलेल्या सेवा आधीच धरलेल्या होत्या आणि त्या काढून घ्यायला बरेच फोन करावे लागले. प्रमाणपत्रांचे छापील संच किंवा सॉफ्टवेअर योजनेकडूनच विकत घ्यावे लागतात असा पुष्कळांचा समज आहे, तोही खरा नाही. बीएस ७६७१ मध्ये प्रमाणपत्रांचे नमुने दिलेले आहेत, हे मानक प्रकाशित करणारी आयईटी ही संस्था ते विनामूल्य उपलब्ध करून देते, आणि त्यांवर लिहिलेले प्रमाणपत्र पूर्ण वैध असते. योजनेच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे जुने कागद अडकले की ती सोडणे अवघड होते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत आपल्याकडे वेगळी ठेवावी.

योजना बदलायची ठरली तर जुनी योजना नूतनीकरणाच्या तारखेच्या आधी, नव्या योजनेचे मूल्यमापन पार पडल्यावरच सोडावी. दोन नोंदणींच्या मध्ये एखादा आठवडा जरी रिकामा राहिला, तरी त्या काळात बदललेले कन्झ्युमर युनिट स्वतः प्रमाणित करता येत नाही, आणि ते कौन्सिलला आधी कळवलेले नसेल तर घरमालक कागदाविना राहतो. जुन्या योजनेत असताना संपवलेली सर्व कामे सदस्यत्व संपण्यापूर्वी कळवून टाकावीत आणि घरमालकांना प्रमाणपत्रे पोहोचल्याची खात्री त्यांना फोन करूनच करावी.