पहिला रोप आणि बारा क्विकड्रॉ: मधली खूण पुसली गेल्यानंतरचं मत

कातळ चढायला घेतलेला माझा पहिला रोप तुटलेला नाही, फाटलेला नाही, हे आधीच सांगतो. आवरण शाबूत आहे, गाभा चाचपला तर एकसारखा लागतो. गेली आहे ती फक्त रोपाचा मध्य दाखवणारी काळी खूण. पहिला रोप घेताना पाकिटावरचे झाडून सगळे आकडे वाचले जातात आणि मधल्या वीतभर शाईकडे कुणी ढुंकून पाहत नाही, म्हणून हा अनुभव बराचसा तिच्याबद्दलच आहे. कंपनीचं नाव देत नाही. भांडण विक्रेत्याशी आहे, आणि शाई कुठल्याही कंपनीची असली तरी टिकत नाही.

वस्तू अशी: 9.8 मिमी जाडीचा, 60 मीटर लांब सिंगल डायनॅमिक (एकटाच वापरायचा, पडल्यावर लांबून हिसका पेलणारा) रोप, ड्राय कोटिंग (पाणी शोषू न देणारा थर) नाही. सोबत बारा क्विकड्रॉचा संच, सगळे 12 सेंटिमीटरचे. (क्विकड्रॉ म्हणजे पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारं दार अर्थात गेट असलेली धातूची कडी; एक बोल्टाला, दुसरी रोपाला.) वापर दोन जागी. एक, बदामीच्या वालुकाश्मावर लीड (रोप खालून सोबत नेत, बोल्टांना अडकवत चढणं), कारण कोल्हापूरकरांना बोल्ट मारलेल्या रूट्ससाठी तेच सोयीचं पडतं. दोन, आपल्याकडच्या काळ्या कातळावर टॉपरोप (वरून लावलेल्या रोपावर चढणं) आणि रॅपलिंग (रोपावरून खाली उतरणं). (पन्हाळ्याच्या तटाबुरुजांवर दोर टाकायचा विचारही करू नका. 2025 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि यादीत नसता तरी तट ही चढायची भिंत नव्हे.)

आता खूण. ती का जाते, तर रॅपलिंगला रोपाचा मध्य प्रत्येक वेळी अँकरच्या (वरच्या पक्क्या आधाराच्या) कडीत बसतो आणि खाली उतरल्यावर तोच भाग कडीतून ओढला जातो. म्हणजे जिथे शाई तिथेच सगळ्यात जास्त घासाघीस. दुसरं कारण कॅराबिनर. अॅल्युमिनियमची काळी भुकटी रोपाला लागत राहते आणि फिकट रंगाचा रोप काही महिन्यांत पूर्ण करडा होतो. करड्यावर काळी खूण शोधायची कशी? वरून बदामीची तांबडी धूळ. म्हणून दुकानात सुंदर दिसणारा पांढरा-निळा रोप घेऊ नये. पिवळा किंवा नारिंगी घ्यावा, त्यावर खूण निदान जास्त दिवस ओळखू येते.

एवढ्याशा शाईसाठी एवढा जीव का काढायचा, असं वाटेल. लीडला बिले देणाऱ्याच्या (खालून रोप सोडत चढणाऱ्याला सांभाळणाऱ्याच्या) उपकरणातून मधली खूण पुढे निघून गेली आणि चढणारा अजून अँकरला पोचलेला नसेल, तर त्याचा अर्थ सरळ आहे: या रोपाने त्याला अँकरवरून जमिनीपर्यंत उतरवता येणार नाही. हा इशारा वर जाताना मिळतो, उतरताना नाही. खूण नसेल तर उरतो तो एकच उपाय, टोकाला गाठ. ती तर खूण असली तरी मारायचीच. रॅपलिंगला मध्य चुकला तर एक बाजू आखूड राहते, आणि तिथेही गाठच वाचवते. पण गाठ धोका संपत आल्यावर सांगते, खूण आधी सांगते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं की ही वापराची झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. ठीक, मान्य. दुसऱ्या उत्तराने मात्र डोकं फिरलं: स्टेशनरीच्या दुकानातला कुठलाही परमनंट मार्कर घ्या आणि पुन्हा खूण करा! रोपाच्या पिशवीत याच विक्रेत्याने जी पुस्तिका घालून दिली, तिच्यात स्पष्ट छापलं आहे की कंपनीने मान्य केलेली शाई सोडून रोपावर काहीही लावू नये. मार्करमधल्या द्रावकाने नायलॉन कमकुवत होऊ शकतो, आणि यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या सुरक्षा समितीनेही असा इशारा दिलेला आहे. पुस्तिकेचं पान दाखवल्यावर मौन. रोपासाठी बनवलेल्या शाईची बाटली वेगळी मिळते, पण ती मागवायची तर कुरिअरसकट पैसे आपलेच. चिकटपट्टी गुंडाळायचा सल्लाही कुणी देईल. ती बिलेच्या उपकरणात अडकते आणि रोपावर सरकतेसुद्धा, म्हणजे खूण आहे पण मध्य तिथे नाही. त्यापेक्षा खूण नसलेली बरी.

सध्याचा बिनपैशाचा मार्ग म्हणजे दोन्ही टोकं एकत्र धरून दोन्ही पदर हातातून सोडत मध्यापर्यंत जायचं. पाचेक मिनिटं जातात, पण चुकत नाही.

म्हणून पहिला रोप घेणाऱ्यांना माझं सांगणं: पैसे बायपॅटर्नवर घाला. यात अर्ध्या रोपानंतर विणीची नक्षीच बदलते, त्यामुळे पुसायला काही उरत नाही. काही हजार जास्त जातात, दुकानात सहसा नसतो, मागवावा लागतो. तेवढे पैसे 9.2 मिमीच्या नाजूक रोपावर किंवा ड्राय कोटिंगवर घालण्यात नवशिक्याला काही अर्थ नाही. ओल्या नायलॉनची ताकद घटते हे खरं, पण पावसाळ्यात आपल्याकडे शेवाळलेल्या कातळावर लीड करायला जातंय कोण!

लांबीबद्दलचं मत मात्र वापरानंतर बदललं. 70 मीटरचा रोप म्हणजे पाठीवर उगाच सहाशे-साडेसहाशे ग्रॅम जास्त, असं आधी वाटत होतं. बदामीच्या बहुतेक रूट्सना 60 पुरतोच. पण रोप मधून नाही, टोकाकडून मरतो. हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) बांधायची गाठ आणि वारंवार पडण्याचा ताण शेवटच्या दोन-तीन मीटरवरच येतो. तिथे आवरण आधी केसाळ होतं, मग गाभा मऊ पडतो, रोप दुमडला की चपटा वळतो. तेवढा तुकडा कापायचा आणि रोप पुढे वापरायचा. 70 मधून कापायला जागा असते, 60 मधून एकदा कापला की पुढच्या वेळी रूटची लांबी विचारावी लागते. हिशेब केला तर 70 स्वस्त पडतो. कापताना मात्र दोन्ही टोकांकडून सारखंच कापा. एकाच बाजूचे दोन मीटर काढले तर खूण खऱ्या मध्यापासून एक मीटर सरकते आणि रॅपलला एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन मीटर वर लटकतं. बायपॅटर्नलाही हाच नियम.

आकड्यांपैकी एकच इथे काढतो, कारण त्याकडे दुर्लक्ष होतं: स्थिर ताण. 80 किलो वजनाला रोप किती टक्के लांबतो तो हा आकडा. मानकाची मर्यादा 10 टक्के, या रोपाचा 8. वीस मीटरच्या रूटवर टॉपरोप लावला तर पायथ्याशी चढणाऱ्याच्या वेळी चाळीस मीटर रोप बाहेर असतो. त्याचे 8 टक्के म्हणजे तीन मीटरच्या वर. सुरुवातीच्या दोन-तीन हालचालींत सुटला तर थेट जमिनीवर. तिथे बिले घट्ट ओढून ठेवायचा. पाकिटावरच्या ‘7 फॉल्स’मुळे सात वेळा पडलं की रोप संपला असं समजू नका, ती प्रयोगशाळेतली भयंकर चाचणी आहे, किमान 5 टिकले की सिंगल रोप पास.

स्वस्ताईच्या नादात कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून मीटरवर मिळणारा प्लास्टिकचा दोर किंवा रेस्क्यूवाल्यांचा सेमी-स्टॅटिक रोप लीडला वापरू नये. ते फारसे लांबत नाहीत, म्हणून पडल्याचा सगळा हिसका चढणाऱ्याच्या कमरेला आणि बोल्टला बसतो. तसंच उद्यमनगरात काय वाट्टेल ते बनवून मिळतं, लेथवाल्यांचा हात नाद खुळा आहे, पण कॅराबिनर नको. खऱ्या कॅराबिनरवर तीन आकडे कोरलेले असतात: लांबीत बंद गेटला किमान 20 केएन (किलोन्यूटन), उघड्या गेटला 7, आडवा 7. घरगुती कॅराबिनरवर नुसतं पॉलिश.

ठेवण्याबद्दल एकच गोष्ट कळकळीची. जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आणि वर माळ्यावर रोपाची पिशवी, ही आपल्याकडच्या घरांतली नेहमीची मांडणी आहे. बॅटरीतल्या सल्फ्युरिक अॅसिडने नायलॉन खलास होतो आणि बाहेरून काही दिसतसुद्धा नाही. गाडीच्या डिकीचंही तेच. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवण. गच्चीवर उन्हात नाही.

क्विकड्रॉंचं थोडक्यात. बाराही 12 सेंटिमीटरचे घेऊ नका, जरी संच स्वस्त पडत असला तरी. निदान चार 17-18 चे हवेत, नाहीतर नागमोडी रूटवर शेवटच्या बोल्टापर्यंत रोप ओढता ओढता दंड भरून येतात. पट्टी रुंद, पॉलिएस्टरची किंवा नायलॉनची घ्या. बारीक डायनीमा धाग्याची पट्टी हलकी, पण पकडून दम खाताना बोटांना कापते. बोल्टाकडच्या बाजूला कीलॉक (खाच नसलेलं) नाक हवं, कारण खाच असलेलं नाक क्लिप काढताना हँगरला (बोल्टाच्या भोकाच्या पत्र्याला) अडकतं. याला अपवाद सह्याद्रीत कातळात ठोकलेले जुने खिळे. त्यांच्या लहान डोळ्यात जाड कॅराबिनर शिरतच नाही, तिथे बारीक वायरगेटच (तारेचं गेट असलेला) चालतो.

कॅराबिनर पट्टीत जागच्या जागी धरणारं रबर फक्त रोपाकडच्या कॅराबिनरला. लांब उघड्या स्लिंगवर (पट्टीच्या मोकळ्या वेढ्यावर) तर लावूच नये, कारण स्लिंगचा एक पदर निसटून अख्खा भार नुसत्या रबरावर राहू शकतो आणि वरून पाहताना सगळं ठीक दिसतं. बोल्टाकडचा आणि रोपाकडचा कॅराबिनर कधीही अदलाबदल करू नका. हँगरने पडलेले ओरखडे रोपाचं आवरण किसतात.

वालुकाश्मावरची रेती रोपात बसते आणि तोच रोप अॅल्युमिनियमला कानशीसारखा घासतो. सगळ्यात आधी झिजतो तो पहिल्या बोल्टाचा क्विकड्रॉ, कारण तिथे रोप बिलेकडून येताना जोरात वळतो. घासून पडलेल्या खाचेची कड बोटाला धारदार लागली की तो कॅराबिनर बाद. म्हणून पहिल्या बोल्टाला दर फेरीत वेगळा क्विकड्रॉ लावत जा, आणि बाद झालेल्याचं गेट मोडूनच टाका, नाहीतर पिशवीतून तो पुन्हा कुणाच्या तरी हातात येतो.