डेकोरेटर लावावा की सबक्लास काढावा?

सिल्व्हरस्ट्राइपमध्ये (पीएचपीत लिहिलेली, वेबसाइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) एखाद्या पानाला नवं फील्ड, म्हणजे माहितीचा नवा रकाना, हवं झालं की हा प्रश्न येतोच. सबक्लास म्हणजे आधीच्या क्लासपासून काढलेला नवा क्लास; डेकोरेटर म्हणजे आहे त्या क्लासला बाहेरून जोडलेला कोड. (३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, डेकोरेटरचं नाव एक्स्टेन्शन झालं. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून डेकोरेटरच.)

सबक्लास सरळ आहे. 'पेज'पासून 'बातमीपान' काढा, फील्ड त्याच फाइलीत लिहा. डेटाबेसमध्ये त्याचं वेगळं टेबल होतं, संपादकाला पानाचा नवा प्रकार दिसतो आणि उद्या नवा प्रोग्रॅमर आला तरी त्याला शोधाशोध करावी लागत नाही. अडतं ते पुढे. शेअरिंगचं चित्र बातमीला हवं, मुलाखतीला हवं आणि पान नसलेल्या 'उत्पादना'लाही हवं. पीएचपीत क्लासला पालक एकच. मग एक तर फील्ड वर 'पेज'मध्ये चढवा, म्हणजे संपर्काच्या पानालाही ते चिकटतं, नाही तर तीन ठिकाणी तोच कोड डकवा.

इथे डेकोरेटर बाजी मारतो. एकदा लिहायचा आणि यॅमल फाइलीत (सेटिंग्जच्या फाइलीत) ज्या क्लासला हवा त्याच्या नावापुढे नोंदवायचा. ज्या क्लासला हात लावायची सोयच नाही, त्याला तर दुसरा मार्ग शोधूच नये: 'मेंबर' या वापरकर्त्यांच्या क्लासला फोन नंबर जोडायचा म्हणून कोअरची, म्हणजे सिल्व्हरस्ट्राइपची स्वतःची, फाइल बदलली, तर पुढच्या अपग्रेडला बदल पुसला जातो. खुद्द मसुदा आणि प्रकाशित प्रत सांभाळणारं 'व्हर्जन्ड' हेही एक एक्स्टेन्शनच आहे. मात्र डेकोरेटर क्लासच्या सबक्लासनाही लागतो. 'साइटट्री'ला, म्हणजे सगळ्या पानांच्या मूळ क्लासला, लावला तर एररच्या पानावरही तुमचं फील्ड उगवतं.

फील्डांपुरतं माझं मत डेकोरेटरच्या बाजूने आहे, वागणूक बदलायची असेल तर नाही. मूळ क्लासमध्ये डेकोरेटरमधल्याच नावाची मेथड (फंक्शन) असली तर चालते ती मूळचीच. तुमची कधी बोलावलीच जात नाही, आणि एररही येत नाही. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. मूळ क्लासने डेकोरेटरला बोलावणारा 'एक्स्टेंड' कॉल ठेवून दार उघडं सोडलं असेल तिथेच आत शिरता येतं. नसेल तर सबक्लासच काढा.

आणखी एक: डेकोरेटरची ओळ काढून देव-बिल्ड (कोडप्रमाणे डेटाबेसची रचना जुळवणारी आज्ञा) चालवलं, तरी टेबलातला कॉलम जात नाही. फॉर्ममधून फील्ड गायब, मजकूर मात्र तिथेच. प्रयोग करून पाहणाऱ्याला ही सोय आहे. डेटा खरोखर पुसायचा असेल, तर कॉलम हाताने उडवावा लागतो.