मुलाखतीत न उघडलेली लिंक: ई-पोर्टफोलिओचे आठ महिने

आमच्या महाविद्यालयात तृतीय वर्ष वाणिज्यच्या 58 विद्यार्थ्यांसाठी गेल्या ऑगस्टमध्ये ई-पोर्टफोलिओ, म्हणजे प्रत्येकाच्या कामाचे नमुने एकत्र दाखवणारी ऑनलाइन पाने, सुरू केले. प्लेसमेंटचे काम माझ्याकडे असल्याने हे प्रकरणही माझ्याच गळ्यात पडले. पहिले सात महिने एक सशुल्क सेवा वापरली, तिचे नाव येथे देत नाही. मार्चपासून ‘महारा’ ही मुक्त प्रणाली आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो. दोन्हींची वैशिष्ट्ये संकेतस्थळांवर वाचायला मिळतातच, म्हणून मी फक्त वापरातले लिहितो आणि त्यातही मुख्यतः लिंकविषयी, कारण माझी झोप तिनेच उडवली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमची एक विद्यार्थिनी पुण्यात मुलाखतीला गेली. बायोडेटावर आम्ही हौसेने क्यूआर कोड छापला होता. समोरच्या अधिकाऱ्यांनी तो मोबाइलवर स्कॅन केला. पान उघडले, तिचे नाव आणि फोटोही दिसला. मात्र कामाचे नमुने जेथे असायला हवेत तेथे ‘आपणास परवानगी नाही’ अशा राखाडी चौकटी होत्या. तिने त्याच इमारतीच्या जिन्यावरून मला फोन केला. मी लॅपटॉपवर तीच लिंक उघडली, तर सगळे व्यवस्थित दिसत होते, आणि मी तिला अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले की त्यांच्याकडचे नेटच संथ असेल. मी महाविद्यालयाच्या खात्यातून पाहत असल्यामुळे मला सगळे दिसत होते, हे उमजायला संध्याकाळ झाली.

सेवेच्या मदत विभागाशी नऊ दिवस पत्रव्यवहार झाला. पान सार्वजनिक केले तरी त्यात जोडलेल्या प्रत्येक फाइलची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि ‘रचनाच तशी आहे’, हे त्यांचे उत्तर. 58 विद्यार्थी आणि प्रत्येकाच्या वीस-पंचवीस फाइली, असा हिशेब मी मांडला, तेव्हा त्यांनी व्हिडिओची लिंक पाठवली. ती उघडली, हे मान्य केले पाहिजे. मग मी विचारायला हवा होता तो प्रश्न सात महिने उशिरा विचारला: पदवी मिळाल्यावर या खात्यांचे काय होणार? वर्गणी महाविद्यालयाची असल्याने निकालानंतर खाती बंद होतील आणि विद्यार्थ्याला हवे असल्यास तो स्वतः पैसे भरून आपले खाते चालू ठेवू शकेल, असे कळले. आमची वर्गणी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 240 रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे 13,920 रुपये मोजून आम्ही मुलांना नोकरी शोधण्याच्या नेमक्या दिवसांत बंद पडणारी वस्तू दिली होती. सामग्री बाहेर काढण्याची सोय होती, पण ती एकाच पीडीएफमध्ये. त्यात मराठी जोडाक्षरे फुटलेली, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढलेल्या आणि लिंका निर्जीव.

महारा ही न्यूझीलंडमध्ये 2006 साली सुरू झालेली मुक्त-स्रोत प्रणाली. नाव माओरी भाषेतले, अर्थ विचार करणे. परवान्याचे शुल्क नाही. सर्व्हरला आमचे महिना 600 रुपये जातात, विद्यार्थी 58 असोत की दोनशे. संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी दोन रविवार घालवून ती बसवली. पहिले दहा दिवस एकालाही ईमेल जात नव्हता, कारण ठरावीक वेळाने आपोआप चालणारे काम आम्हीच सर्व्हरवर लावायचे विसरलो होतो. महाराची गुप्त लिंक लॉगिनविना उघडते, पानात ठेवलेली फाइलही त्याच परवानगीने दिसते आणि लिंक कोणत्या तारखेपर्यंत चालावी हे विद्यार्थी ठरवतो. सुखद धक्का मात्र वेगळाच होता: संपूर्ण पोर्टफोलिओ एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या, स्वरूपात उतरवून घेता येतो आणि पेन ड्राइव्हवरून, इंटरनेट नसतानाही, साध्या ब्राउझरमध्ये उघडतो. वेलांट्या जागच्या जागी.

येथे मला माझे एक मत मागे घ्यावे लागते. दिवाळीपूर्वी मी प्राचार्यांना दिलेल्या टिपणात सशुल्क सेवेच्या तयार साच्याची स्तुती केली होती. त्यात संवादकौशल्य, संघभावना, नेतृत्व अशा चौकटी असत आणि मुले त्या भरत. जानेवारीत सगळे पोर्टफोलिओ सलग वाचायला बसलो, तेव्हा 58 जणांचा आत्मविश्वास वाढलेला होता आणि कशामुळे वाढला ते एकानेही लिहिले नव्हते. साच्याने मुलांना लिहिण्यापासून वाचवले होते. उरलेली जागा प्रमाणपत्रांच्या फोटोंनी भरलेली. गुणपत्रके आता डिजिलॉकरमध्ये असतातच, ती पंख्याखाली धरून काढलेल्या तिरक्या फोटोत कोण पाहणार?

आम्ही स्वायत्त असल्याने नवे शैक्षणिक धोरण आमच्याकडे 2023-24 पासूनच आले आणि सहाव्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याचे, 4 श्रेयांक, म्हणजे 120 तास, या तुकडीला प्रथमच करावे लागले. चौकटी काढून मी महारातली रोजनिशी तेवढी सक्तीची केली: आठवड्याला एक नोंद, ‘मी काय शिकलो’ हे शब्द वर्ज्य. जिची लिंक उघडली नव्हती त्या विद्यार्थिनीने करसल्लागाराच्या कार्यालयातले काम लिहिले होते. जानेवारीच्या खरेदी नोंदवहीत 212 बिले, तर 14 फेब्रुवारीला आलेल्या जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून जीएसटी पोर्टल दरमहा बनवते त्या यादीत, 195. गहाळ 17 पैकी 11 बिले तिमाही विवरण भरणाऱ्या पुरवठादारांची निघाली, चारांवर जीएसटी क्रमांक चुकलेला होता आणि दोघांनी विवरणच भरले नव्हते. तिने त्या दोघांना फोन केले. एकाने तिला दमात घेतले, तेही तिने लिहिले. सोबत जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र अशिलाचे नाव आणि जीएसटी क्रमांक ढळढळीत दिसत होता.  तेव्हापासून असे तपशील काळे केल्याशिवाय मी पान मंजूर करत नाही.

एप्रिलमधल्या दुसऱ्या मुलाखतीत लिंक उघडली आणि त्या 11 बिलांवर तिला दहा मिनिटे प्रश्न विचारले गेले. नोकरी तेथे लागली नाही. ती त्याच करसल्लागारांकडे रुजू झाली आहे.

तक्रारी अजून आहेत. बहुतेकांकडे फक्त मोबाइल असतो आणि त्यावर पान रचणे जिकिरीचे जाते, म्हणून शनिवारी प्रयोगशाळा उघडी ठेवावी लागते. 58 रोजनिशा वाचायला आठवड्याचे चार तास लागतात आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक लिंक स्वतःच्या फोनवर, महाविद्यालयाचे वायफाय बंद करून, खासगी विंडोमध्ये उघडून पाहतो. शिपाईमामांच्या फोनवरही एकदा पाहतो. सशुल्क सेवेकडून नूतनीकरणाची तीन स्मरणपत्रे आली आहेत. माझी तक्रार त्यांच्या पोर्टलवर अद्याप ‘विचाराधीन’ आहे.