पूर्णवेळ की तासिकेवर? जुन्या कॉलेजात कायद्याचा विभाग नव्याने उभा करताना

ब्रिटिश काळातली दगडी इमारत, आणि तिच्यावर आता विद्यापीठाची नवी पाटी. मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था ही जुनी घराणी 2019 मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाच्या छताखाली आली. आमचं कॉलेज त्यातलं नव्हे, पण जातकुळी तीच. तिथे व्यावसायिक अभ्यासक्रम आखण्याच्या समितीवर मी चार वर्षं होतो. तुम्हीही त्याच उंबरठ्यावर असाल, तर नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, आणि कार्यभाराचं, म्हणजे शिकवण्याच्या तासांचं गणित तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडून एकाच प्रश्नावर बोलतो: कायदा शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक नेमावेत, की तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेऊन येणारे वकील?

आधी तासिकेवर येणाऱ्या वकिलांची बाजू, कारण मी सुरुवातीला तिकडेच झुकलो होतो. आमच्याकडे एक वकीलबाई मसुदालेखन, म्हणजे कोर्टाचे कागद लिहिणं, शिकवायला यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःची एक याचिका आणली. कोर्टाच्या कार्यालयाने हरकती काढून ती परत केली होती. समास चुकलेला, एका पानावर सही राहिलेली, परिशिष्टांचे क्रमांक उलटसुलट. पोरं दीड तास हलली नाहीत. हे पुस्तकातून शिकवता येत नाही, आणि पूर्णवेळ प्राध्यापकाला तर नियमानेच ते दुरावतं. पगारी पूर्णवेळ नोकरीत असताना वकिली करता येत नाही. उलट वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे. परंपराही थोर आहे. 1855 पासूनच्या मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात बॅरिस्टर डॉ. आंबेडकरांनी शिकवलं आणि 1935 मध्ये ते तिथले प्राचार्य झाले. कॉलेजच्या तिजोरीच्या दृष्टीनेही तासिका सोयीची. पद मंजूर व्हायची वाट पाहावी लागत नाही, जूनमध्ये माणूस उभा करता येतो.

पूर्णवेळ प्राध्यापकाबद्दल माझ्या मनात अढी होती, खोटं कशाला बोलू? कोर्टाची पायरी वर्षानुवर्षं न चढलेला माणूस दिवाणी प्रक्रिया संहिता शिकवतो तेव्हा ती जरा वाळलेलीच वाटते. काहींच्या नोट्सची पानं पिवळी पडलेली मी पाहिली आहेत. निवड चुकली तर ती पुढची पंचवीस-तीस वर्षं निस्तरावी लागते, हेही आहेच.

मग काटा फिरला कशामुळे? सांगितलं तर हसाल. सहीमुळे.

दुसऱ्या वर्षी आमच्या विभागात सातही जण तासिकेवर होते आणि विभागप्रमुख ‘प्रभारी’, म्हणजे दुसऱ्याच विषयाचे. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी, अंतर्गत गुणांच्या तक्त्यावर सही हवी, इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र हवं. दुपारी तीन वाजता विभागात जावं तर शिपाई आणि कपाट, बस्स. वकीलबाई सकाळी सव्वानऊला ‘बोर्डावर मॅटर आहे’, म्हणजे आज कोर्टात सुनावणी आहे, म्हणून निघालेल्या. चूक त्यांची नव्हती, त्यांना बसायला खुर्चीदेखील दिली नव्हती आणि बिलं तर सहा-सहा महिने रखडायची. एका मुलीने माझ्यासमोर चार दिवस एकाच कागदासाठी फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवशी मीच सही केली, जिचा मला अधिकार नव्हता. त्याच वर्षी दोघांनी मध्येच काम सोडलं. त्यांनी तपासायला घरी नेलेले निबंध पुन्हा दिसले नाहीत.

मी काही मोजमाप केलेलं नाही. निकालाचे आकडेही फारसे हलले नव्हते. पण विभागात रोज कुणीतरी बसलेलं असणं हीसुद्धा शिकवण्याइतकीच गरज आहे, हे मला तेव्हा कळलं.

‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’चा, म्हणजे व्यवसायातल्या अनुभवी माणसाला ठरावीक काळासाठी प्राध्यापक नेमण्याचा मधला मार्ग कुणीतरी सुचवेलच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पंधरा वर्षांचा अनुभव हवा, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंतच नेमणुका, आणि एका संस्थेत जास्तीत जास्त चार वर्षं. म्हणजे माणूस रुळतो न रुळतो तोच निरोप समारंभ.

जरा लांबचं उदाहरण देतो. हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसाठी पैसा दिला तो मुंबईहून तिकडे गेलेल्या पारशी होरमसजी मोदींनी. 1941 च्या डिसेंबरात जपान्यांनी शहर घेतलं, पुढे इमारतीची लूट झाली, छप्परसुद्धा राहिलं नाही. युद्धानंतर सगळं पुन्हा उभं करताना 1950 मध्ये तिथे वास्तुकलेचं शिक्षण सुरू झालं, ते रेमंड गॉर्डन ब्राउन या प्राध्यापकाला विभागावर आणून. शहरात बांधकामाची घाई असताना नुसत्या धंद्यातल्या माणसांवर विभाग चालवायचा मोह झाला असता तर नवल नव्हतं. आधी प्राध्यापक, मग बाकीचे, हा क्रम मला पटतो.

तुमचं गाव, तुमचा निधी वेगळा असेल. कोर्ट कॉलेजपासून दहा मिनिटांवर असेल आणि वकील मंडळी प्रेमाने येत असतील, तर माझं म्हणणं थोडं सैल करून घ्या. पण दोनच पदं मंजूर होणार असतील तर ती दोन्ही पूर्णवेळ भरा, पहिल्याच वर्षी भरा, आणि त्यांच्याभोवती तासिकेवरचे वकील बोलवा. आम्ही शेवटी तसंच केलं. मसुदालेखनाला अजून त्याच बाई येतात, याचिका घेऊन. फरक इतकाच, की तपासलेले कागद त्या आता विभागातल्या कपाटात ठेवून जातात, आणि कपाटाची किल्ली दुपारी तीन वाजताही कुणाच्या तरी खिशात असते.