डब्लिनचे मार्श ग्रंथालय: पिंजऱ्यातील वाचकांची वास्तू
सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या शेजारी असलेले, आर्चबिशप नार्सिसस मार्श यांनी स्थापलेले आणि १७०७ पासून उभे असलेले हे ग्रंथालय थोड्याच वेळात पाहून होते, परंतु तेथून पाय लवकर निघत नाही. गडद ओक लाकडाच्या उंच कपाटांत २५,००० हून अधिक ग्रंथ असून त्यांतील बहुतेक सोळाव्या ते अठराव्या शतकांतील आहेत. मला सर्वाधिक खिळवून ठेवले ते जाळीच्या पिंजऱ्यांनी: दुर्मीळ ग्रंथ चोरीस जाऊ नयेत म्हणून वाचकालाच ग्रंथासह आत कोंडले जात असे (वाचनाची एवढी खात्रीशीर सक्ती दुसरीकडे क्वचितच असेल). १९१६ च्या, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयरिश उठावातील गोळ्यांनी छिद्रे पडलेले ग्रंथही येथे जपलेले आहेत. घाईने पाहण्याची ही जागा नव्हे.